नादी लागलेली मुले

नांदेडकडच्या किंवा लातूरकडच्या एखाद्या घरातला मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला, आणि वर्ष-सहा महिन्यांत त्याचा पाय घरात ठरेनासा झाला, पिशवीत वह्यांऐवजी तहसीलदारांना द्यावयाच्या निवेदनांच्या नकला सापडू लागल्या, भरल्या ताटावरून उठून तो कोणाच्या तरी हाकेसरशी बाहेर पडू लागला, म्हणजे घरातली वडीलधारी माणसे कपाळाला हात लावून एकच वाक्य उच्चारतात : "पोरगं राजकारणाच्या नादी लागलं." या वाक्यात काळजी आहे, माया आहे आणि पुष्कळसा अनुभवही आहे, कारण कोरडवाहू शेतीच्या जिवावर, पोटाला चिमटा घेऊन ज्या घराने मुलाला शिकावयास पाठविले, त्या घराला त्याच्या एका वाया गेलेल्या वर्षाची किंमत पुरती ठाऊक असते. परंतु या वाक्यात एक सिद्धान्तही दडलेला आहे. नादी लागणे ही क्रिया एकट्याने करता येत नाही. ज्याच्या नादी लागावयाचे, तो दुसरा कोणीतरी अगोदर हजर असावा लागतो. तरुण माणूस सार्वजनिक जीवनात कसा येतो, या प्रश्नावर विद्वानांनी जे ग्रंथ लिहिले त्यांचे अर्धे सार आमच्या आयाबायांच्या या दोन शब्दांत साठविलेले आहे, आणि उरलेले अर्धे या दोन जिल्ह्यांच्या गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. ते वेचून वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या प्रश्नाची प्रचलित उत्तरे तीन आहेत. कोणी रिकामपणाकडे बोट दाखवितो, कोणी तारुण्याच्या सळसळत्या रक्ताकडे, आणि कोणी विचारांच्या प्रभावाकडे. तिन्हींत तथ्यांश आहे; पण रिकामे तरुण गावोगाव असतात आणि त्यांतले थोडेच चळवळीत उतरतात, रक्त तर एका वयात सर्वांचेच सळसळते, आणि विचार म्हणाल तर तो बहुधा मागाहून, सभा ऐकता ऐकता आणि तुरुंगातली पुस्तके वाचता वाचता आकारास येतो. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना एकच अन्याय दिसतो; त्यांपैकी एक उठतो आणि दुसरा बसून राहतो. तो एक का उठला, हे समजले म्हणजे सारे समजले.

त्यासाठी निजामी अमलातील मराठवाड्यात जावे लागते. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती, कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. सार्वजनिक सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी, असे फर्मावणारी त्रेपन्न क्रमांकाची गश्ती त्या काळच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असे. जेथे सभेलाच मज्जाव, तेथे राजकारण उघड्या मैदानातून उठून घराच्या पडवीत, वाचनालयात, तालमीत, गणेशोत्सवाच्या मेळ्यात आणि विशेषेकरून मराठी शाळेत जाऊन बसले. लोकांनी लोकांसाठी काढलेल्या अशा शाळा फार थोड्या होत्या. परंतु हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या संस्थांतून बाहेर पडलेला विद्यार्थी केवळ उत्तीर्ण होऊन येत नसे, एका नात्यात बांधला जाऊन येत असे.

ते नाते गुरुशिष्याचे होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. १९०३ साली जन्मलेल्या या मुलाने असहकाराच्या हाकेसरशी सरकारी शाळा सोडली, आणि लोकमान्य गेले तेव्हा, वयाची सतरा वर्षेही पुरी झालेली नसताना, देशकार्यासाठी अविवाहित राहण्याची प्रतिज्ञा केली. पुढे त्यांनी दिल्लीत ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीचे काम केले, आणि मग ते हिप्परग्यास येऊन शिक्षक झाले. संन्यास घेतल्यावरही त्यांनी शाळा सोडली नाही. हिप्परग्यानंतर अंबाजोगाईस ते शिकवीतच राहिले. १९३७ साली परतूरला संस्थानातील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्याच वर्षी दुसरे लातुरास, तेव्हा त्या व्यासपीठांभोवती जे स्वयंसेवक वावरत होते त्यांत या शाळांची छाया स्पष्ट दिसत होती. आज आपण ज्याला राजकीय संघटन म्हणतो, त्याचा पहिला पट वर्गातील हजेरीपटावरूनच उतरविलेला होता.

१९३८ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आर्य समाजाचाही लढा पेटला आणि उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात अंत झाला. या धामधुमीतच नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. कारण वरवर पाहता क्षुल्लक. कर वाढला नव्हता, जमीन गेली नव्हती, कोणाची भाकरी हिरावली गेली नव्हती. एका वसतिगृहातल्या प्रार्थनेच्या खोलीत एक गीत गाऊ नये, इतकाच हुकूम होता. पण त्या हुकुमात जो अवमान होता तो मुलांना झोंबला. त्यांनी गाणे थांबविले नाही, शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर काढले गेले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी आपली दारे उघडली म्हणून त्यांतल्या अनेकांचे शिक्षण पुरे झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच निष्कासितांपैकी एक होते.

या घटनेत तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्या कोठेही एकत्र आल्या म्हणजे तरुण उठतात, असा माझा समज झाला आहे. पहिली म्हणजे अवमान. अभाव माणूस सोसतो, पण सर्वांदेखत झालेला अवमान तरुण मनात रुतून बसतो. दुसरी म्हणजे एकत्र राहण्याची जागा; वसतिगृहात रात्री दिवे मालविल्यावर ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांत बोलल्या जात नाहीत, आणि सकाळी आपला जोडीदार उठून चालू लागला तर मागे राहणाऱ्याला स्वतःची लाज वाटते. तिसरी म्हणजे मान असलेला एखादा वडील माणूस, जो मुलांच्या बाजूने उभा राहून आपल्या पोटावर पाय आणून घेण्यास तयार असतो. औरंगाबादेस गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा, कलकत्त्याहून उच्च शिक्षण घेऊन आलेला तरुण शिक्षक सरकारी नोकरीवर पाणी सोडतो, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना आणखी उपदेशाची गरज उरत नाही.

परदेशी अभ्यासकांनीही याच गोष्टी निराळ्या वाटेने गाठल्या आहेत. कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखविले, की सतराव्या वर्षाच्या आगेमागे मनुष्य जगाकडे प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि त्या वेळच्या घटनांचा ठसा आयुष्यभर पुसला जात नाही. अमेरिकेत १९६४ साली कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मिसिसिपी राज्यात जाण्यास ज्या विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली, त्यांतले बरेचसे गेले आणि काही ऐनवेळी मागे फिरले. डग मॅकॅडम या संशोधकाने दोन्ही गटांचे अर्ज ताडून पाहिले, तेव्हा त्याला आढळले की निष्ठा दोघांचीही सारखीच प्रखर होती, परंतु जे गेले त्यांचे जिवलग मित्रही त्याच यादीत अधिक होते. आमच्याकडची आजी याला दोन शब्दांत 'नादी लागणे' म्हणते, आणि मॅकॅडमचा सारा खटाटोप तिच्या म्हणण्याला पुष्टी देतो.

१९४७ उजाडले आणि या नात्यांची कसोटी लागली. देश स्वतंत्र झाला, मराठवाडा मात्र निजामाच्या टाचेखालीच राहिला. १५ ऑगस्टलाच स्वामीजींना अटक झाली, आणि विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी सनदा खुंटीला टांगल्या. सरहद्दीवर ठिकठिकाणी कॅम्प उभे राहिले. नांदेड जिल्ह्याला लागून असलेला, पण संस्थानाबाहेरचा उमरखेडचा कॅम्प त्यांतला एक. करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जाळणे, सरकारी महसूल देणारी शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे ही त्या लढ्याची रोजची कामे, आणि ती करणारे हात बहुतेक विशी-पंचविशीतले. बिलोली भागातले गोविंदराव पानसरे त्याआधीच, २९ ऑक्टोबर १९४६ रोजी, निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात हुतात्मा झाले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरखेड कॅम्पच्या तरुणांनी उमरीच्या बँकेवर धाड घालून लढ्यासाठी द्रव्य आणले. वकिली सोडून या संग्रामात उतरलेले शंकरराव चव्हाण त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितल्याविना ती प्रामाणिक होणार नाही. ज्या कासिम रझवीच्या चिथावणीने रझाकारांच्या टोळ्या गावोगाव सुटल्या, तो लातूरचाच एक वकील. त्या टोळ्यांत भरती झालेलेही तरुणच होते. त्यांनाही अवमानाचीच भाषा शिकविण्यात आली होती, त्यांनाही टोळीची ऊब मिळाली होती, आणि त्यांच्यापुढेही मान असलेला एक वडील माणूस उभा होता. त्याच काळात हैदराबादेत 'इमरोज' या वृत्तपत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान भारतातील विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडीत होता, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यापायी त्याला प्राण गमवावे लागले. म्हणजे तारुण्य, अवमान, सोबत आणि नेता ही सामग्री सर्वत्र सारखीच. तिच्यातून सत्याग्रही निघेल की रझाकार, हे त्या नेत्याच्या हातात काय आहे आणि मनात काय आहे यावर अवलंबून असते. पोरगे नादी लागले याचे दुःख करण्याआधी ते कोणाच्या नादी लागले, हे विचारावयाचे ते यासाठी.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारची पोलीस कारवाई होऊन १७ तारखेला निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या पिढीचे भाग्य असे, की तिच्या वाट्याला राजकारणाच्या शाळा आल्या. स्वामीजी आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, आणि तेथे पुढे नरहर कुरुंदकर यांच्यासारखा शिक्षक लाभला. पदवीपेक्षा व्यासंगाने मोठा झालेला हा माणूस इतिहास, साहित्य, धर्म आणि राजकारण यांवर असे बोले, की ऐकणाऱ्याला आपली मते तपासून पाहणे भाग पडे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत भर व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले, तेव्हा ते अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. तरुणांना आपल्या गटात ओढणारे पुढारी पुष्कळ असतात. तरुणाला त्याच्याच मताविरुद्ध दोन तास वाद घालावयास लावणारा गुरू एखादाच असतो, आणि नांदेडला तो लाभला होता.

दुसरी शाळा स्थानिक कारभाराची. शंकरराव चव्हाण १९५६ साली नांदेडचे नगराध्यक्ष होते. शिवराज पाटील चाकूरकर १९६७ साली लातूरचे नगराध्यक्ष झाले आणि पुढे लोकसभेचे सभापती. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच झाले तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. गटार कोणत्या बाजूने काढावे, नळपट्टी किती बसवावी, भाऊबंदकीच्या वादात रस्त्याची हद्द कोठे धरावी, असल्या नीरस प्रश्नांत ज्याने हात मळविले, त्याला मंत्रालयातली संचिका परकी वाटत नाही. कंधारकडे भाई केशवराव धोंडगे यांनी शेतकरी कामगार पक्षाच्या झेंड्याखाली मन्याड खोऱ्यातील कष्टकऱ्यांची पोरे जागी केली आणि सोबत शाळाही काढल्या. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. त्यांतली पहिली नावे चळवळीतून वा चावडीतून वर आली. शेवटचे नाव वारशाने आले, आणि आज दोन्ही जिल्ह्यांत वारशाचीच वाट अधिक रुंद झाली आहे, हे कोणत्याही एका पक्षावर दोषारोप न करता नमूद केले पाहिजे.

सत्तरीच्या दशकात तरुण पुन्हा रस्त्यावर आले. १९७२ च्या दुष्काळाने हाडे उघडी पाडली होती, मनमाडहून नांदेडकडे येणारा रेल्वेमार्ग अजून मीटरगेजच होता, कारखाने नव्हते, आणि शिकून आलेल्या मुलाला नोकरी नव्हती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये बंद पाडली, वसमतला गोळीबारापर्यंत पाळी आली, आणि गोविंदभाईंसारख्या जुन्या सेनानींनी या क्षोभाला मागण्यांचे रीतसर रूप दिले. घटनेच्या कलम ३७१(२) खालील वैधानिक विकास मंडळ ही त्या मागण्यांतली एक. ती १ मे १९९४ रोजी प्रत्यक्षात आली. आंदोलन आणि त्याचे फळ यांत वीस वर्षांचे अंतर पडले, ही गोष्ट आजच्या उतावळ्या कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग आले १९७८. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयातून, पुढे ज्याला मिलिंद हे नाव मिळाले, एक स्वाभिमानी पिढी बाहेर पडली होती. खेड्यातल्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून वसतिगृहात आलेल्या या मुलांच्या दृष्टीने नामांतर म्हणजे आपण या भूमीचे समान वारस आहोत याची कबुली होती. विरोधाच्या बाजूलाही विद्यार्थीच होते. चार वर्षांपूर्वी रेल्वे आणि नोकऱ्या मागत जे एका मोर्चात चालले होते, ते आता एकमेकांसमोर उभे ठाकले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या दलित वस्त्यांनी सर्वाधिक सोसले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. सोळा वर्षे हा लढा चालला, लाँग मार्च निघाले, २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मूळ नाव राखून विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि नांदेड-लातूरची मुले त्याच्या छत्राखाली आली. दोन्ही विद्यापीठांच्या नावांत तरुणांचे कष्ट आहेत. पण एका नावासाठी जे रक्त सांडले ते शेजाऱ्याने शेजाऱ्याचे सांडले, ही वेदना मी कोणत्याही गौरवाखाली झाकू इच्छीत नाही.

नेमक्या याच सुमारास राजकारणाची एक शाळा बंद झाली. १९८९ मध्ये मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरावर आले. परंतु विद्यार्थी निवडणुकांतील हिंसाचाराला कंटाळून महाराष्ट्राने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील प्रत्यक्ष निवडणुका थांबविल्या आणि गुणानुक्रमे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. परिणामी अठरा वर्षांचा मुलगा लोकसभेचा सदस्य निवडण्यास पात्र ठरला, आणि आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र! २०१६ च्या कायद्याने ही तरतूद पुन्हा आणली, २०१९ साली निवडणुकांची घोषणाही झाली, आणि त्या लांबणीवर पडल्या. हिंसाचार वाईट खराच. पण पोहताना मुले बुडतात म्हणून विहीरच बुजवावी, यात शहाणपण किती? इकडे लातूरने अभ्यासाचा जो 'पॅटर्न' घडविला त्याने हजारो गरीब मुलांना डॉक्टर आणि अभियंते केले, त्याचे ऋण मान्य आहे. तथापि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत शिकवणी वर्गांच्या गल्लीत फिरणाऱ्या मुलाला गंजगोलाई चौकाला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर काय चालले आहे, हे पाहण्याची फुरसत उरली नाही.

शाळा बंद झाली म्हणून विद्यार्थी थांबत नाहीत. ते दुसऱ्या दारांनी येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसे ढिगाऱ्यांखाली गेली, आणि मदतीला धावलेल्या कित्येक तरुणांना समाजकार्याची दीक्षा तेथे, उघड्या आभाळाखाली मिळाली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि त्याच दिवसांत मांजरा नदीतला गाळ उपसण्यासाठी लोक एकवटले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नांदेडला आणि लातूरला मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. लाखोंच्या त्या जनसागरात घोषणा नव्हती, आघाडीवर मुली होत्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देण्याचा मान पुढाऱ्यांना नव्हे, त्या मुलींना होता. ज्या घरांत मुलीने चावडीपुढून जाताना मान खाली घालावी अशी रीत होती, त्या घरांतल्या मुलींनी ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून न्याय मागितला, हा या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासातला मोलाचा क्षण होय. २०२३ साली आरक्षणाच्या प्रश्नावर गावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना बंदीचे फलक लागले, तेव्हा त्यामागेही गावातल्या सुशिक्षित बेकारांचेच हात होते.

या साऱ्या उठावांत जोम आहे, परंतु पूर्वीच्या मानाने एक उणीव जाणवते. मोबाइलने हाक पोहोचविण्याचे काम सोपे केले. एका रात्रीत दहा हजार मुले जमतात. पण जमणे आणि घडणे यांत अंतर असते. घडण्यासाठी रोजची भेट लागते, हिशेबाची वही लागते, पराभवानंतर खांद्यावर हात ठेवणारा माणूस लागतो. तो न भेटल्यामुळे आजचा तरुण कार्यकर्ता जयंती मंडळाची वर्गणी, वाढदिवसाचा फ्लेक्स, सभेच्या सतरंज्या आणि निवडणुकीतली बूथची खुर्ची या चौकोनात फिरत राहतो. आंदोलनात त्याच्यावर गुन्हा दाखल होतो; पुढारी पुढे निघून जातो आणि हा मात्र वर्षानुवर्षे तारखांना हजर राहतो. पोलीस भरतीच्या वा सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा आडवा येतो, आणि मग घरच्या वडीलधाऱ्यांचे ते वाक्य शापासारखे खरे ठरते. या मुलांची निष्ठा कोणी वापरली आणि कोणी जपली, यावर पुढाऱ्याची परीक्षा व्हावी. मते किती पडली, यावर नव्हे. आणि कोणत्याही मागणीसाठी तरुणाने आपला जीव देऊ नये, हे सांगण्याचे धैर्य त्या मागणीच्या नेत्याला असलेच पाहिजे.

म्हणून आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला घरात कोंडू नका. ज्या दिवशी तो पहिल्यांदा निवेदन घेऊन घरी येईल, त्या दिवशी त्याला जवळ बसवून तीन गोष्टी विचारा. तुझ्याबरोबर कोण आहेत? तुम्ही एकत्र बसून काय वाचता? आणि जमविलेल्या पैशांचा हिशेब कोण ठेवतो? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर तो चांगल्याच्या नादी लागला असे समजा, आणि त्याच्या ताटात भाकरी जास्तीची वाढा. शिक्षकांना विनंती अशी, की कुरुंदकरांची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर बसण्यास पदव्या लागत नाहीत, मुलांना घरी येऊ देण्याइतके मन लागते. आणि अठरा पुरी झालेल्या मुलामुलींना सांगणे एवढेच, की तुमच्या गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा बोलावली जाते, आणि मतदारयादीत ज्याचे नाव आहे त्या प्रत्येकाला तेथे उठून प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. एकविसाव्या वर्षी तुम्ही त्याच ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकता. मोर्चाला जा, जरूर जा. पण त्याआधी येत्या ग्रामसभेला जा, मागच्या वर्षीच्या खर्चाचा तपशील मागा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.